भांगाची पालकसभा

पहिल्या वर्षी मी नोटीस लावली :
शनिवार, सकाळी अकरा, सर्व पालकांनी उपस्थित राहावे.
आले तिघे.
एकाला दाखला हवा होता,
एक आजोबा पंख्याखाली बसायला आलेले,
तिसऱ्याची मुलगी आमच्या शाळेत नव्हतीच.

मी औशाची. समुद्र माझ्यासाठी नकाशातला निळा रंग.
रजिस्टरात लिहून टाकलं : पालक उदासीन.

खिचडी ढवळता ढवळता सुलभाताई म्हणाल्या,
"उधाणात कोण येणार, बाई? सगळे डोलीवर.
भांगात बोलवा."
मी दचकले. भांग मला शिवरात्रीचीच ठाऊक.
डावाच्या टोकानं त्यांनी कॅलेंडरवरची अष्टमी दाखवली :
"या दिवसांत पाण्याची ओढ मरते.
माणसं घरात सापडतात."

तेव्हापासून आमची सभा अष्टमीला,
लिलाव आटपल्यावर, संध्याकाळी पाचला.
विस्तार अधिकाऱ्यांनी विचारलं,
"शाळेत देव बसवलाय का?"
मी म्हटलं, नाही साहेब, भरती-ओहोटी बसवली आहे.

मग माणसं आली.
मनगटावर खवले, पायांना बर्फाचं पाणी,
पहिलीच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली.

हेमलता चोगले शेवटी थांबली.
तिची स्वरांगी चौथीत.
स्वतःचं नावही 'सोरांगी' वाचायची.
मी वहीत शेरा दिला होता : घरी रोज एक पान वाचून घ्यावे.
खाली सही, तीही स्वरांगीच्याच अक्षरात.
त्यावर बोलायचं मी ठरवूनच बसले होते.

तिनं टेबलावर बिस्किटाचा रिकामा पुडा ठेवला.
आत कागदाच्या सात पुड्या,
पुड्यांत कोलंबीची वाळकी टरफलं.
हेडसरांनी रुमाल नाकाला लावला.

"मना अक्षर कलत नाय, बाय,
पन पोर कवा अरते ता कलतं.
मी सोलाला बसते, ती वाचाला.
अरली का येक टरफल येगलं.
ही सोमवारची. ही कालची."

मी मोजली. सोमवारची एकतीस.
कालची एकोणीस.
माझ्या मूल्यमापनाच्या तक्त्यात
या मुलीपुढे चार महिने एकच खूण होती.

"जोराक्षरात अरते," ती म्हणाली,
"'मित्र'मदी, 'पत्र'मदी. होरीचा तला रेतीला लागतो ना, तशी.
आनि येक सांगू? रागवू नका.
पूर्णविराम आला का वर बगते,
मी आरडंन का काय म्हनून.
घरात तिच्यावर कोन आरडत नाय."

पंखा फिरत होता.
हेडसरांनी रुमाल खिशात ठेवला.
मी उत्तर शोधलं,
बी.एड.च्या दोन वर्षांत ते कुठे सापडेना.

दुसऱ्या दिवशी स्वरांगीला मी खुर्चीजवळ बसवलं
आणि डबीतले खडू मोडत राहिले.
ती अडली की एक तुकडा बाजूला, न बोलता.
तीन दिवस ती वर बघत राहिली.
चौथ्या दिवशी तिनं पूर्णविराम ओलांडला
आणि पुढचं वाक्य घेतलं.
संध्याकाळी मी खडूचे तुकडे पुडीत बांधून घरी पाठवले.
सकाळी टरफलं आली.
असा आमचा पत्रव्यवहार :
एकीला लिहिता येत नाही,
दुसरीला उशिरा वाचता येऊ लागलं.

परवाच्या अष्टमीला वरून परिपत्रक आलं.
मी उभी राहून मोठ्यानं वाचत होते :
बालकांच्या सर्वांगीण विकासासाठी
शाळा व पालक यांच्या उत्तरदा... उत्तरदायि...
घसा खाकरला, पुन्हा घेतलं.

कोणी हसलं नाही.
फक्त दुसऱ्या बाकावर,
सोलून सोलून भेगाळलेल्या हाताचं
एक बोट
हळूच मिटलं.